ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आला, पुढे घराघरांत कसा न्यायचा? (विदर्भातल्या गावांसाठी)

पळसफूल (धागाकर्ता)

दीड-दोनशे घरांच्या गावांसाठी हा धागा. चित्र बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. भारतनेटचा (ग्रामपंचायतींना जोडणाऱ्या केंद्राच्या योजनेचा) फायबर ग्रामपंचायतीच्या खोलीत येऊन थांबलेला, शाळा तिथून तीनशे मीटर, एखादं पोड किंवा टोला (छोटी वस्ती) दीड-दोन किलोमीटरवर, आणि मोबाइलला नेटवर्क फक्त गच्चीवर. जोडणी, वीज, उपकरणं आणि शिकवणं या चारही गोष्टींवर इथे लिहा. आकडे द्या, 'चांगल्या कंपनीचं घ्या' एवढ्याने कुणाचं काम होत नाही.

सुरुवात मी करतो. खर्चाआधी दोन दिवस नुसती पाहणी करा. ग्रामपंचायतीतल्या डब्यावर (ओएनटी) पॉवरचा दिवा हिरवा हवा आणि पॉनचा दिवा स्थिर हवा. एलओएसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही, म्हणजे मागे कुठेतरी तार तुटली आहे. नळयोजनेचे चर आणि रस्त्याकडेचे जेसीबी ही त्याची नेहमीची कारणं. पॉनचा दिवा स्थिर असूनही वेग मिळत नसेल तर डब्याच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक, उणे २७ च्या खाली गेली की जोडणी वारंवार पडणार. तेव्हा आधी कनेक्टर पुसा आणि तार कुठे करकचून वाकवली आहे का ते बघा. बाकीचं तक्रार क्रमांक घेऊन कंपनीच्या माणसाकडून करून घ्यायचं, स्वतः फायबर उघडायचा नाही.

वेग सकाळी, दुपारी चार वाजता आणि रात्री नऊला मोजा. एकदाच मोजलेल्या वेगाला अर्थ नाही.

वायरमन_वर्धा

ग्रामपंचायतीतून शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर एवढं जोडायचं असेल तर बाहेरून टाकायची सिंगल-मोड ड्रॉप केबल (फायबरची) आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला प्रकाश आणि नेटवर्कची तार यांना जोडणारे डबे) पुरतात. पण कन्व्हर्टर 'ए' आणि 'बी' अशी जोडीच घ्या. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो नि १५५० वर ऐकतो, दुसरा त्याच्या उलट. दोन्ही 'ए' आणले तर दिवे लागतील, जोडणी होणार नाही. मग लोक बिचाऱ्या केबलला दोष देतात.

दुसरी चूक कनेक्टरच्या रंगाची. हिरवा तिरक्या घासणीचा असतो, निळा सरळ. ओएनटीला बहुधा हिरवा लागतो, मीडिया कन्व्हर्टरला निळा. हिरवा निळ्यात बसतो खरा, पण प्रकाश वाया जातो आणि टोकही खराब होतं.

केबलमध्ये पोलादी ताण-तार असते, खांबावर ओढ तिनेच घ्यायची, काचेच्या धाग्याने नाही. रस्ता ओलांडताना कापसाची भरलेली गाडी आणि हार्वेस्टर खालून जाईल एवढी उंची ठेवा, म्हणजे कमीत कमी साडेपाच मीटर. दोन्ही टोकांना दहा-दहा मीटरचं वेटोळं राखून ठेवा. वानरं तार ओढतात, त्यामुळे झाडावरून न्यायची नाही. महावितरणच्या खांबावर परवानगीशिवाय बांधायची नाही.

सोनकी

३०० मीटरच तर आहे. कॅट-६ ची तार टाकून मध्ये एक स्विच ठेवला तर? फायबरची भानगडच नको.

वायरमन_वर्धा

सोनकीताई, तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर. तीनशेसाठी मध्ये दोन स्विच लागतील, त्यांना वीज लागेल आणि ते उघड्यावर राहतील. पण खरी अडचण विजेच्या कडकडाटाची आहे. मे-जूनमध्ये आणि पुन्हा परतीच्या पावसात आपल्याकडे विजा पडतात. जवळपास वीज पडली तरी लांब तांब्यात दाब तयार होतो आणि दोन्ही टोकांची उपकरणं एकदम जातात. काचेतून वीज वाहत नाही. एका इमारतीच्या आत तांबं, दोन इमारतींमध्ये काच, एवढं धरून चला. फक्त ती पोलादी ताण-तार दोन्ही टोकांना भिंतीबाहेरच कापून थांबवा, आत आणू नका.

गवळाऊ

पोडासाठी रेडिओ, म्हणजे बिनतारी जोडणी. ५ गिगाहर्ट्झचे दोन संच, समोरासमोर, २३ ते २५ डीबीआयच्या डिशसह. हा पट्टा आपल्याकडे २०१८ पासून विनापरवाना आहे, मात्र सेटिंगमध्ये देश 'भारत' निवडा. दुसऱ्या देशाचं नाव टाकून ताकद वाढवायचे उद्योग नकोत.

समोरचा खांब डोळ्यांना दिसतो म्हणजे झालं, असं नसतं. दोन किलोमीटरच्या अंतरात मधोमध लाटेला सुमारे सव्वापाच मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते, त्यातली निदान साठ टक्के, म्हणजे तीन मीटर, रिकामी हवी. मधल्या झाडाच्या शेंड्यापासून तीन मीटर वर नजररेषा, असा हिशोब करा.

आणि पाहणी एप्रिलात करू नका! सागाची पानं तेव्हा झडलेली असतात, पळस-मोहही उघडे. सिग्नल झकास मिळतो. जुलैत सागाला थाळीएवढी पानं येतात, त्यांवर पाणी बसतं आणि तोच रेडिओ मेल्यासारखा होतो. एप्रिलातच बसवायची वेळ आली तर मधल्या झाडांना भरगच्च धरून उंची काढा. बारा-पंधरा मीटरच्या सागावरून जायला वेगळा मनोरा परवडत नाही, त्यामुळे पाण्याच्या उंच टाकीचा उपयोग होतो. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, टाकीच्या काँक्रीटला छिद्र पाडू नका, कठड्याला क्लॅम्प लावा.

जमिनीतला खांब असेल तर काळी माती लक्षात ठेवा. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नुसता रोवलेला खांब वर्षभरात झुकतो, आणि डिशचा झोत मोजून सात-आठ अंशांचा असतो. मुरूम लागेपर्यंत खोदा, पाया तिथे धरा, वर तीन बाजूंनी ताण द्या. दिवाळीनंतर एकदा दिशा तपासून घ्यायची.

बंडीवाला

सगळं बरोबर हाय भाऊ, पण लाइनीचं काऊन कोनी बोलून नाही राह्यलं? रब्बीत साऱ्यायच्या मोटरी सुरू झाल्या का गावात व्होल्टेज १६०-१७० वर येते. त्यानं राउटरले काही होत नाही, अडॅप्टर शंभरापासून चालते. मरन येते न्यूट्रल तुटल्यावर. डीपीवरचा न्यूट्रल सुटला का घरात २३० च्या जागी साडेतीनशे, कधी चारशेपर्यंत येते. मंग टीव्ही, राउटर, चार्जर सारं एका झटक्यात जाते. साधा स्पाइकवाला बोर्ड इथं काहीच कामाचा नाही.

कमी-जास्त व्होल्टेजला लाइन तोडनारा रिले बसवा, डिनरेलवरचा येते तो. खाली १६० च्याही खाली (नाहीतं रब्बीत लाइन सारखी तुटत राहीन), वर २६५-२७० ले सेट करा आन् परत जोडायचा वेळ तीन मिनिट. अर्थिंग वेगळं घ्या. काया मातीचा खड्डा पावसात झकास, मे मध्ये भेगा पडल्या का अर्थिंग गेलंच समजा. उन्हायात आठवड्यातून एक बालटी पानी टाका.

पळसफूल

बंडीवाले भाऊ, हा मुद्दा पहिल्या पोस्टीतच यायला हवा होता. बॅटरीचा हिशोब जोडतो.

ओएनटी ७ वॅट, राउटर ८, रेडिओ ७, मिळून २२ वॅट. आठ तास वीज नसली तर १७६ वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी ८४ वॅट-तासांची. शिशाच्या बॅटरीची निम्मीच क्षमता वापरायची, म्हणजे दोन तासही नाही. ४२ अँपिअर-तासाची घेतली तर निम्म्यात अकरा तास निघतात. लिथियम फॉस्फेट असेल तर २० अँपिअर-तासात नऊ तास, कारण ती ऐंशी टक्के वापरता येते.

घरगुती इन्व्हर्टरमधून चालवू नका. तो रिकामा चालतानाच १०-२० वॅट खातो, म्हणजे राउटरइतकंच खाणं त्याचं. बॅटरीतून सरळ डीसी घ्या, पण मध्ये १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर लावा, कारण चार्ज होताना बॅटरी १४.४ पर्यंत चढते. आणि हे सगळं टिनाच्या छपराखाली लटकवू नका. चंद्रपूरकडे बाहेर ४५-४६ अंश असताना टिनाखालच्या पेटीत त्याहून कितीतरी जास्त होतं, शिशाची बॅटरी वर्षात संपते. उत्तरेकडची भिंत, जमिनीपासून मीटरभर वर, जाळीची पेटी. जाळी बारीक हवी, नाहीतर पाली आणि मुंग्या घर करतात.

सोनकी

मग सरळ सोलरच का नाही?

पळसफूल

चालतं, पण श्रावण सांभाळून. २२ वॅट दिवसभर म्हणजे ५२८ वॅट-तास. २०० वॅटचं पॅनल, चार तासांचं ऊन, तीस टक्के घट धरली तर ५६०. कसंबसं. ढगाळ आठवड्यात ते निम्म्यावर येतं. म्हणून लाइन आणि सोलर दोन्ही ठेवा, रात्री अकरा ते पाच रेडिओ-राउटर टायमरने बंद करा. तेवढ्याने गरज ४३८ वर येते.

कोरचीचा_पाऊस

गडचिरोलीत, मेळघाटात पुष्कळ ठिकाणी फायबरच पोचलेला नाही. तिथे ४जी हाच आधार. फोनच्या नेटवर्क-माहितीच्या ॲपमध्ये आरएसआरपी (मनोऱ्याच्या सिग्नलची ताकद) बघा. उणे ९५ पर्यंत उत्तम, उणे ११५ च्या आसपास कठीण. जमिनीवर, गच्चीवर आणि टाकीवर, प्रत्येक कंपनीच्या सिमने वेगवेगळं मोजा. एका कंपनीला रेंज नाही म्हणजे दुसरीलाही नाही, असं नसतं.

अँटेना वर आणि राउटर खाली ठेवून मध्ये दहा मीटर पातळ कोॲक्स (अँटेनाची तार) टाकली तर मिळवलेला सिग्नल तारेतच जातो. आरजी-५८ ची तार १८०० मेगाहर्ट्झला दहा मीटरमागे सहा-सात डीबी खाते. म्हणून पावसात टिकणारा बाहेरचा ४जी राउटरच खांबावर चढवा आणि खाली नेटवर्कची तार आणा, तिच्यातूनच वीज वर जाते.

'सिग्नल बूस्टर' म्हणून बाजारात मिळतो तो घेऊ नका. परवान्याशिवाय लावणं बेकायदा आहे आणि त्याच्या गोंगाटाने मनोऱ्यावरच्या सगळ्यांचाच आवाज तुटतो.

ठराव_क्रमांक_४

पैसा आणि कायदा. घरगुती जोडणी घेऊन गावात विकणं सेवाकराराच्या बाहेर आहे. त्यासाठी पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची केंद्राची योजना आहे, डिसेंबर २०२० पासून. दुकानदार, बचत गट, ग्रामपंचायत, कुणीही 'सार्वजनिक डेटा कार्यालय' (पीडीओ) होऊ शकतं. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी फी नाही. करार एका एकत्रीकरण करणाऱ्या कंपनीशी (पीडीओए) करायचा. ग्राहकाची ओळख पटवणं आणि नोंदी ठेवणं त्यांच्या यंत्रणेत होतं, आपल्याला आधारच्या झेरॉक्स गोळा करायच्या नाहीत. पूर्वी कंपन्या पीडीओला महागडी लीज्ड लाइन घ्यायला लावत. जून २०२५ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतच्या योजनेला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. दर सांगताना कुणी वेगळंच बोललं तर हा आदेश दाखवा.

मासिक हिशोब कागदावर मांडा. समजा जोडणी १,२००, देखभाल करणाऱ्याचं मानधन १,५००, बॅटरीसाठी बाजूला ५००, किरकोळ ३००. झाले ३,५००. चाळीस घरांनी महिना शंभर दिले तर ४,००० येतात. बॅटरीचे ५०० वेगळ्या खात्यात टाका. ते पहिल्या वर्षी कुणाला दिसत नाहीत, तिसऱ्या वर्षी त्यांच्यावाचून सगळं बंद पडतं.

सुरुवातीच्या खर्चासाठी ग्रामपंचायत विकास आराखड्यात काम आधीच घालावं लागतं. ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, मग अबंधित निधी. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या) गावांना पाच टक्के अबंध निधीचा रस्ता आहे. बांबू-तेंदूचा व्यवहार स्वतः करणाऱ्या, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना स्वतःच्या खात्यातूनही करता येतं, आणि ई-निविदा, जीएसटीसाठी त्यांना नेट लागतंच.

जुनाडबा

संगणकांबद्दल. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. आठव्या पिढीआधीचे इंटेलचे बहुतेक संगणक ११ ला अधिकृतपणे चालत नाहीत, म्हणून नागपूर-अमरावतीच्या कार्यालयांतून ते निघत आहेत. आपल्या कामाला ते उत्तम. जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी, रॅम ८ जीबी, आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. मराठी कीबोर्डसाठी इन्स्क्रिप्ट आत आहेच. बायोसची तारीख रोज मागे जात असेल तर सीआर-२०३२ सेल बदला. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत आणि सगळे नेटला दोष देतात.

दान म्हणून फोन घेताना देणाऱ्यासमोरच गूगल खातं काढून मग रीसेट करायला सांगा. तसं न करता रीसेट केलेला फोन जुनं खातं मागत अडकतो आणि ते उघडायला देणाऱ्यालाच गाठावं लागतं. पाठ फुगलेला फोन घ्यायचाच नाही. अँड्रॉइडची आवृत्ती फार जुनी असेल तर बँकेची ॲप चढत नाहीत, असे फोन फक्त व्हिडिओ-वाचनासाठी वेगळे ठेवा.

बंडीवाला

लॅपटॉप कोनाले पाह्यजे जी? गावात समदं काम मोबाइलवर होते.

जुनाडबा

शेतकऱ्याचं होतं, शाळेतल्या पोराचं नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, फोटो-सही ठराविक केबीत आणणं, भरतीचा फॉर्म हे मोबाइलवर अर्ध्यात अडकतं. गावाला दहा नकोत, तीन चांगले चालणारे आणि एक स्कॅनर-प्रिंटर पुरे.

उमेदची_वही

शिकवण्याकडे येऊ. केंद्राच्या पीएमजीदिशा योजनेत वीस तासांचं प्रशिक्षण होतं, ती ३१ मार्च २०२४ ला संपली. आता गावालाच करावं लागेल, आणि वीस तास सलग बसवायची गरजही नाही.

आधी वेळापत्रक. पेरणीचा जून-जुलै, कापूस वेचणीचा ऑक्टोबर ते जानेवारी सोडून द्या. जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिल मोहाचा आणि मे तेंदूचा. ऑगस्टचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हेच मोकळे. बायकांचा वर्ग दुपारी एक ते तीन, बचत गटाच्या बैठकीला जोडून. पुरुषांचा रात्री आठनंतर. एका वर्गात आठपेक्षा जास्त नको, आणि प्रत्येकीच्या हातात तिचा स्वतःचा फोन हवा. घरात एकच फोन असेल आणि तो दिवसा नवऱ्याबरोबर वावरात जात असेल, तर वर्गासाठी चार फोन गटाकडे ठेवावे लागतील. हे पाहणीतच विचारून घ्या.

क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी बोलून मराठी टाइप करणं, कारण एकदा माइकचं चिन्ह सापडलं की पुढचं भय जातं. मग नंबर साठवणं, फोटो पाठवणं. मग ओटीपीचा मेसेज उघडून वाचणं: त्यात कुणाला, किती रुपये, कशासाठी हे लिहिलेलं असतं, ते मोठ्याने वाचून घ्या. चौथ्या बैठकीत क्यूआर, एकमेकींना एक रुपया पाठवून. पाठवण्याआधी पडद्यावरचं नाव वाचायचं. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे प्रत्यक्ष करून दाखवा.

त्याआधीची एक पायरी लोक विसरतात. आधारला आणि बँकेला कोणता नंबर जोडला आहे? पुष्कळदा तो पुतण्याचा असतो किंवा बंद पडलेल्या सिमचा. ९० दिवस वापर नसेल आणि शिल्लकही नसेल तर नंबर बंद होऊन पुढे दुसऱ्याला दिला जातो, मग ओटीपी परक्याकडे. लाभार्थ्याची ई-केवायसी तिथेच अडते.

कोरकू, माडिया, कोलामी बोलणाऱ्या ठिकाणी शिकवणारी गावातलीच हवी. मराठीतले 'सबमिट करा' तिथे इंग्रजीइतकेच परके.

सोनकी

शेतकऱ्यांसाठी काय घ्यायचं?

उमेदची_वही

ई-पीक पाहणी, सातबारा उतरवून घेणं, महाडीबीटी (सरकारी योजनांच्या अर्जांचं संकेतस्थळ), आणि कापूसवाल्यांना सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) विकायचा असेल तर 'कपास किसान' ॲपवरची नोंद. ई-पीक पाहणी वर्गात शिकवता येत नाही, वावरात जाऊनच करावी लागते. जीपीएस चालू, फोटो पिकाच्या जवळून. वावरात नेटवर्क नसतं, म्हणून ॲप, खातेदाराची निवड आणि परवानग्या घरच्या वायफायवर आधीच उरकून घ्या. शेवटच्या तारखेच्या आठवड्यात सर्व्हर दमतो, तेव्हा पहाटे करा.

कोरचीचा_पाऊस

अंगठा लावून पैसे काढणाऱ्यांना वेगळं सांगा. 'फेल झालं, परत लावा' असं म्हटलं की आधी पावती किंवा शिल्लक बघायची, मगच दुसऱ्यांदा अंगठा. इतर वेळी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं. फसवणूक झालीच तर त्याच घडीला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येतात, दोन दिवसांनी नाही. फोन हरवला तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरून तो ब्लॉक करा.

गवळाऊ

नेट पडतं त्या दिवसांसाठी जुन्या एका लॅपटॉपवर कोलिब्री आणि किविक्स (नेटशिवाय धडे आणि विकिपीडिया दाखवणारे प्रोग्रॅम) टाकून तो राउटरला जोडून ठेवा. धडे, व्हिडिओ, मराठी विकिपीडिया बाहेरच्या जोडणीशिवाय गावातल्या वायफायवर उघडतं. सामग्री शहरात पेनड्राइव्हवर उतरवून आणायची. वर्ग नेटअभावी रद्द होत नाही.

नवखा_सरपंच

उपयुक्त धागा. टाकीवर रेडिओ लावला आहे, दिवसा झकास चालतो. रात्री आठ ते दहा सगळं रेंगाळतं. मोठा प्लॅन घ्यायचा का?

गवळाऊ

सरपंचसाहेब, प्लॅन वाढवायच्या आधी रात्री नऊला लॅपटॉप तारेने सरळ ओएनटीला लावून वेग मोजा. तिथेच कमी असेल तर अडचण मागची, तक्रार नोंदवा. तिथे पूर्ण वेग असेल तर रेडिओच्या पानावर सिग्नल दिवसाइतकाच आहे का बघा. तोही तसाच असेल तर दोन-तीन फोन व्हिडिओ किंवा अपडेट ओढत आहेत. राउटरमध्ये दरडोई ३ एमबीपीएसची मर्यादा लावा, व्हिडिओला तेवढं पुरतं. शाळा आणि सेवा केंद्राला वेगळी, वरच्या प्राधान्याची जोडणी द्या. ॲप अपडेटची वेळ पहाटे पाचनंतर ठेवायला सांगा, टायमरने रात्री नेट बंद ठेवत असाल तर मध्यरात्री ती होणारच नाहीत. पेटीची किल्ली आणि राउटरचा पासवर्ड दोघांकडे असू द्या, एक ग्रामपंचायतीत, एक टाकीजवळच्या घरात. आकडे इथे टाका, मग पुढचं बघू.